रिपोर्ट सगळे नॉर्मल, तरी जीव थकलेला: वेलनेस काउन्सेलरकडे कोणी गेलंय का?

केळफूल (सोमवार, रात्री ११.२०)

धागा काढू की नको यात आठवडा गेला. शेवटी काढलाच. लांबलाय, चहा घेऊन बसा. (मला रात्रीचा चहा बंद आहे, का ते खाली येईलच.)

वय ४९, राहणार ठाणे, नोकरी शाळेच्या ऑफिसात. सासूबाईंना दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली. मी शाळेत असते तेवढा वेळ आया असते, बाकी मी. रात्री दोनदा उठून त्यांची कूस बदलायची, एकदा तरी कपडे बदलायचे. तक्रार नाही, माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनीच केलीत. पण गेल्या दिवाळीपासून मलाच काहीतरी व्हायला लागलं. सकाळी उठले की रात्रभर दळण दळल्यासारखं अंग. मुलीने "आई, मीठ कुठंय" विचारलं तरी अंगावर धावून जायचं. एकदा स्टॉपवर तीन बस सोडल्या. चढायचा कंटाळा आला म्हणून.

आमचे डॉक्टर वीस वर्षांच्या ओळखीचे, भला माणूस, पण बाहेर तीस पेशंट बसलेले. हिमोग्लोबिन, शुगर, बीपी, ईसीजी, सगळं बघून झालं. सगळं नॉर्मल. "वयाचं आहे. टेन्शन घेऊ नका." नाही घेत. पण ते ठेवू कुठे?

मग लेकीने परस्पर अपॉइंटमेंट घेतली. पाटी होती 'होलिस्टिक वेलनेस काउन्सेलिंग'. मला वाटलं आता उदबत्त्या, स्फटिक आणि 'तुमची ऊर्जा अडकली आहे'. तसलं काही निघालं नाही. साधारण माझ्याच वयाची बाई. पन्नास मिनिटांतली चाळीस ती नुसती विचारत होती. काल दुपारी काय जेवलात? आठवेना. कुठे बसून जेवलात? तेव्हा लक्षात आलं की बसलेच नव्हते. ओट्याशी उभ्यानेच, पोळीचा तुकडा भाजीला लावून. रविवारी पण तसंच. शेवटचा चहा कधी? रात्री साडेनऊला, सासूबाईंचं आवरलं की. दिवसाचे किती? मोजले तर सहा. शेवटचं घराबाहेर कधी पडलात, ज्यात पिशवी हातात नव्हती? इथे मी रडले. प्रश्न काय आणि रडणं काय!

तिने काहीच 'दिलं' नाही. रात्रीचा चहा बंद करायला आणि सात दिवसांची वही लिहायला सांगितली: झोप, जेवण, चहा, चालणं, आणि मूड एक ते दहात. आणि म्हणाली, आधी तुमच्या डॉक्टरांना विचारून थायरॉइड आणि बी१२ करून घ्या, ते आल्याशिवाय पुढचं बोलण्यात अर्थ नाही. केलं. थायरॉइड ठीक, बी१२ चांगलंच खाली. (आम्ही पक्के शाकाहारी.) डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल होते ते केलेल्या तपासण्यांचे. न केलेल्याचा रिपोर्ट कुठून येणार?

आता प्रश्न. ह्या लोकांचं शिक्षण नक्की काय असतं? पुढे जावं का? एका भेटीचे हजार रुपये. आमच्या ह्यांचं म्हणणं, "चहा कमी कर हे ऐकायला हजार रुपये दिलेस?"

---

खवचट_काका (सोमवार, रात्री ११.४१)

ह्यांना अनुमोदन. आमच्या आजीने हे सगळं फुकटात सांगितलं असतं, वर दोन शिव्या बोनस. बसून जेव, रात्री चहा ढोसू नको, संध्याकाळी देवळापर्यंत चालून ये. झालं समग्र स्वास्थ्य. आता आजीला पाटी आणि क्यूआर कोड लावला की तिची काउन्सेलर होते. दिवे घ्या (म्हणजे हलकं घ्या).

---

शेवंती (मंगळवार, सकाळी ७.०५)

काका, दिवे घेतले. पण सांगा, घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असताना सुनेला "तू आधी बसून जेव" म्हणणारी आजी तुम्ही किती घरांत पाहिलीत? आमच्याकडे आजी हे मुलांना सांगायची. सुना उभ्यानेच जेवायच्या, आणि ती स्वतःसुद्धा.

केळफूल, आधी तुला एक मिठी. बाकी संध्याकाळी लिहिते, लोकल पकडायचीये.

---

कातरवेळ (मंगळवार, सकाळी १०.३२)

मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) आहे, एका रुग्णालयात काम करते. नाव-गाव लिहीत नाही, पण शिक्षणाच्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकते.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर. ह्या सगळ्यांत औषधं तेच लिहू शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, १९९२ च्या कायद्याखाली. ती नोंद आहे का हे तुम्ही खुशाल विचारू शकता, आम्हाला राग येत नाही. (आला तर दुसरीकडे जा.) त्यानंतर समुपदेशक: कोणी मानसशास्त्रात एमए, कोणी समाजकार्यात, कोणी वर्षभराची पदविका. यांच्यासाठी बरीच वर्षं कायद्याची चौकटच नव्हती. २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्यात समुपदेशकही आले. कागदावर चौकट आली, पण पाटी वाचून माणूस ओळखावा असे दिवस अजून यायचेत.

'वेलनेस काउन्सेलर' हे नाव तर कोणासाठीच राखीव नाही. उद्या काकांनी पाटी लावली तरी त्यांना कोणी अडवणार नाही. त्यात उत्तम प्रशिक्षण घेतलेली माणसंही आहेत आणि दोन रविवारच्या ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावणारेही.

मग ह्यांचा उपयोग काय? खरं सांगू का, माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना आजार नसतो. दिवसाची घडी विस्कटलेली असते. झोप, जेवण, घरातल्या कामाची वाटणी, एकटेपणा, पैशाची काळजी, सगळं एकात एक गुंतलेलं. डॉक्टरकडे त्यासाठी वेळ नाही, माझ्याकडे त्यासाठी यायची लाज वाटते. ह्या मधल्या जागेत कोणीतरी हवं असतं, जे "आजार काय" न विचारता "दिवस कसा जातो" विचारेल. ते काम लहान नाही. फक्त त्याला कुंपण हवं. निदान करणं, औषधाला हात लावणं, जीव नकोसा झालेल्या माणसाला एकट्याने सांभाळणं, हे कुंपणाच्या बाहेरचं.

केळफूल, तुमच्या बाईंनी पहिल्याच भेटीत तुम्हाला डॉक्टरकडे परत पाठवलं, ते मला सगळ्यात आवडलं. थायरॉइड मंदावला किंवा बी१२ घसरलं तर माणूस हुबेहूब नैराश्यात असल्यासारखा दिसू शकतो. अशा वेळी नुसतं बोलत बसणं म्हणजे टाकीला भोक असताना नळ घट्ट करत राहणं.

---

पाणंद (मंगळवार, दुपारी १.१५)

दुसरी बाजू लिहितो. ठिकाण आणि माणूस सांगणार नाही, विपुतही (वैयक्तिक निरोपातही) विचारू नका.

माझा धाकटा भाऊ. बायपोलर, म्हणजे मन कधी एकदम चढतं, कधी एकदम खचतं तो आजार. सहा वर्षं लिथियमच्या गोळ्यांवर व्यवस्थित होता. नोकरी, लग्न, सगळं झालं. मग ऑफिसमधल्या कोणीतरी एका वेलनेसवाल्याकडे नेलं. सुरुवातीला छानच. व्यायाम सुरू झाला, रात्रीचं जागरण गेलं, वहिनी खूश. आम्हीही म्हणालो, बरं झालं. तिसऱ्या महिन्यात एकवीस दिवसांचं 'शुद्धीकरण' निघालं. फळांचे रस, मीठ बंद, आणि "गोळ्या शरीरात साठतात, हळूहळू सोडायच्या". हळूहळू म्हणजे आठवड्यात.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. एका पहाटे तीनला वहिनीने खाली बघितलं तर हा स्कूटर धूत होता. गात होता. दुसऱ्या दिवशी भावाने ऑफिसात राजीनामा दिला आणि एकाच दुपारी तीन मोबाइल विकत घेतले. दीड महिना दवाखान्यात होता.

मला आजही त्रास ह्याचा होतो की तो वेलनेसवाला भामटा नव्हता. गोड माणूस. तासभर ऐकायचा. भावाचं आम्ही कोणी एवढं ऐकलं नव्हतं, म्हणूनच भावाने त्याचं ऐकलं.

---

कातरवेळ (मंगळवार, दुपारी १.५०)

पाणंद, वाचून पोटात गोळा आला. भाऊ आता बरा असेल अशी आशा.

वाचणाऱ्यांसाठी एकच भर. लिथियम घेणाऱ्याने मीठ एकदम तोडणं किंवा शरीर कोरडं पडेल असे उपास करणं हेच मुळात धोक्याचं. मीठ-पाणी कमी झालं की लिथियमची रक्तातली पातळी वर चढते आणि विषबाधा होऊ शकते. म्हणजे गोळ्या सोडल्या नसत्या आणि नुसते रस घेतले असते तरी संकट होतंच. 'नैसर्गिक आहे, नुकसान काय होणार' हे वाक्य अशा वेळी आठवावं. मानसिक आजारावरची कुठलीही गोळी बंद करायची तर ज्याने लिहून दिली त्यालाच विचारून.

---

संपादक मंडळ (मंगळवार, दुपारी ३.००)

चर्चा चांगली चालू आहे. कृपया औषधांचे डोस, डॉक्टरांची किंवा केंद्रांची नावं आणि फोन नंबर लिहू नयेत. सरकारी हेल्पलाइन चालेल.

---

घाटमाथा (मंगळवार, सायंकाळी ६.१०)

'होलिस्टिक' हा शब्द इंग्रजीतून आला की आपण हजार रुपये मोजतो. सुश्रुताने स्वस्थ माणसाची व्याख्या करताना दोष, अग्नी, धातू आणि मलक्रिया यांच्या जोडीला 'प्रसन्नात्मेन्द्रियमनाः' असं स्पष्ट लिहून ठेवलंय. मन प्रसन्न नसेल तर तो स्वस्थ नव्हे. लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था १९२४ पासून आहे, उरुळी कांचनला गांधीजींनी १९४६ मध्ये निसर्गोपचार सुरू केले. आपल्याकडे हे सगळं होतंच.

---

शेवंती (मंगळवार, रात्री ८.४५)

होतं ना. पण उरुळी कांचनला जायचं तर आठ-दहा दिवस घर सोडावं लागतं. केळफूलला दीड तास घर सोडता येत नाहीये, तिथेच तर गाडी अडलीये.

आणि एक, कैवल्यधाममध्ये तिचे संस्थापक स्वामी कुवलयानंदांनी आसनं-प्राणायाम प्रयोगशाळेत नेऊन मोजून बघायला सुरुवात केली होती. हल्ली 'प्राचीन' म्हटलं की मोजायचं नसतं असा समज आहे. असो, अवांतर झालं.

---

म्हापशेकर (मंगळवार, रात्री ९.३०)

मोजून बघायचा विषय निघालाच आहे तर आमच्या गोव्याचं सांगतो. बाहेर फार कोणाला ठाऊक नसतं.

संगथ नावाची संस्था १९९६ पासून इथे काम करते. त्यांनी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये एक प्रयोग केला. मानसोपचाराची कसलीही पदवी नसलेली, इथलीच, इथली भाषा बोलणारी माणसं घेतली, त्यांना शिकवलं आणि समुपदेशक म्हणून बसवलं. समोर येणारे रुग्ण किरकोळ उदास नव्हते, बऱ्यापैकी तीव्र नैराश्याचे होते. एकूण ४९५ जण. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याच्या जोडीला सहा ते आठ भेटी. तीन महिन्यांनी बघितलं तर भेटी मिळालेल्यांत ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटात ३९ टक्के. २०१७ च्या लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. दारूचा त्रास असलेल्या पुरुषांसाठी असाच दुसरा प्रयोग झाला.

भेटीत करायचे काय? आपण म्हणतो, उत्साह वाटला की करीन. ते उलट टोकाने धरतात: आधी कर, छोटंसं कर, उत्साह मागून येतो. कोणाला पूर्वी बाग आवडायची, तर ह्या आठवड्यात दोन कुंड्या. कोणी शेजारी जायचं सोडलेलं, तर गुरुवारी संध्याकाळी पंधरा मिनिटं. पुढच्या भेटीत विचारायचं, झालं का? नाही झालं तर कुठे अडलं? झाले! आजीबाईचा बटवाच म्हणा. पण बटवा रोज उघडून बघणारा माणूस पाहिजे ना.

काकांना हे आवडेल. पण काकांना न आवडणारी गोष्ट पण आहे. ही माणसं वाऱ्यावर सोडलेली नव्हती. त्यांच्या भेटी ध्वनिमुद्रित व्हायच्या, सगळे मिळून त्या ऐकायचे आणि एकमेकांना गुण द्यायचे. कुठे उगाच उपदेश केला, कुठे ऐकायचं सोडून स्वतःच बोलत बसलो, सगळं निघायचं. आपल्या आजीचं कोणी रेकॉर्डिंग ऐकलंय?

---

खवचट_काका (मंगळवार, रात्री ९.४८)

आजीचं रेकॉर्डिंग ऐकून गुण द्यायला कोण धजावणार होतं! बाकी माहिती झकास. माघार घेत नाहीये, पण खुर्ची जरा मागे सरकवतोय.

---

सातपुडा (बुधवार, सकाळी ६.२५)

अमरावतीकडचा आहे. आमच्याकडेही असंच काम झालं होतं, विश्राम (विदर्भ स्ट्रेस अँड हेल्थ प्रोग्राम) नावाने, तीस गावांत. विदर्भ म्हटलं की लोकांना एकच गोष्ट आठवते, त्यामुळे नावात 'ताण' आणि 'आरोग्य' दोन्ही होतं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी शंभरात चार-पाच होते, ते सत्तावीसपर्यंत गेले. गावातलेच कार्यकर्ते घरोघरी जायचे.

ह्यात आकड्यांपेक्षा मला भाषेचं महत्त्व वाटतं. आमच्या गावात कोणी म्हणत नाही की मला नैराश्य आलं. 'करमत नाही' म्हणतात. 'मन लागत नाही', 'डोक्यात लय विचार येतात', 'अन्न गोड लागत नाही'. बाया तर थेट 'कंबर दुखते' म्हणतात आणि कंबरेला काही झालेलं नसतं. ज्याला हे ऐकू येतं तो खरा समुपदेशक, पाटीवर काही का लिहिलेलं असेना.

शहरी वेलनेसवर माझा राग एकाच गोष्टीचा आहे. दीर्घ श्वास घ्या, कृतज्ञतेची वही लिहा. अहो, सोसायटीचा हप्ता श्वासाने फिटत नाही. ज्याचं डोकं कर्जाने उठलंय त्याला बँकेत कोणाला भेटायचं, कुठल्या योजनेचा अर्ज कुठे मिळतो, हे सांगणारा माणूस पाहिजे. आणि सोबत यायला तयार असलेला पाहिजे. एकट्याला तो उंबरा चढवत नाही.

---

थेम्सकाठी (बुधवार, दुपारी २.४०)

सातपुडा, अगदी हेच काम इथे लंडनमध्ये पगारी माणूस करतो, म्हणून लिहायला आले. त्याला लिंक वर्कर म्हणतात. जीपीला, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरला वाटलं की ह्या पेशंटचं दुखणं गोळीचं नाही, तर तो लिंक वर्करकडे पाठवतो. २०१९ पासून तर सरकारी आरोग्य सेवेने हे धोरण म्हणूनच घेतलंय.

माझे बाबा आई गेल्यावर नाशिकहून माझ्याकडे आले. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून सगळी नोकरी गेलेला माणूस. इथे दिवसभर खिडकीत बसून बस मोजायचे. छातीत धडधडतं म्हणून दोनदा सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. तिसऱ्या वेळी लिंक वर्कर. ती बाबांशी बोलली, मी दुभाषी. तिने आजाराचं विचारलंच नाही. विचारलं, हातांना कशाची सवय आहे? बाबांनी पाच मिनिटं हात उलटेसुलटे करून दाखवले, पाना कसा धरतात, बेअरिंग कसं काढतात. मला हे कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

तिने जवळच्या रिपेअर कॅफेचा पत्ता दिला आणि पहिल्या शनिवारी स्वतः बरोबर आली. लोक बिघडलेले टोस्टर, मिक्सर घेऊन येतात, दुरुस्तीवाले फुकट दुरुस्त करून देतात. स्क्रूड्रायव्हर हातात असला की इंग्रजी फारसं लागत नाही. धडधड अजून होते कधीकधी, पण शनिवारी नाही.

सगळं गोग्गोड नाही हां. लिंक वर्करची भेट मिळायला आम्हाला सात आठवडे लागले. आणि रिपेअर कॅफेच बंद पडला तर ती बाई पाठवणार कुठे?

---

खवचट_काका (बुधवार, दुपारी ४.२२)

एका ओळखीच्या गृहस्थांसाठी विचारतो. वय ६८, निवृत्त, बायको मुलीच्या बाळंतपणाला परदेशात. पहाटे साडेतीनला जाग येते आणि मग झोप नाही. जेवण डब्याचं, तेही अर्धं उरतं. असे गृहस्थ काउन्सेलरकडे जातात का? की सगळ्या बायकाच असतात तिथे?

---

कातरवेळ (बुधवार, सायंकाळी ५.०५)

जातात. फक्त येताना ॲसिडिटी, पाठदुखी किंवा झोप घेऊन येतात, मन घेऊन येत नाहीत. चालतं आम्हाला.

त्या गृहस्थांना सांगा, पहाटेची जाग आणि उरणारा डबा दोन आठवड्यांपेक्षा जास्त चालू असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, वेलनेस नंतर. आणि लगेच कोणाशी तरी बोलावंसं वाटलं तर १४४१६. टेलिमानस, केंद्र सरकारची सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. नाव सांगायची सक्ती नाही. पहाटे साडेतीनलाही चालू असते.

---

शेवंती (बुधवार, सायंकाळी ५.११)

आणि त्या गृहस्थांना म्हणावं, शनिवारी संध्याकाळी दादरला आमचा पाच-सहा जणांचा कट्टा असतो. खवचटपणा आणला तरी चालेल. विपु करते.

---

केळफूल (पुढचा सोमवार, रात्री १०.०५)

सगळ्यांना एकदम उत्तर देतेय, माफ करा. तीन भेटी झाल्या.

दुसऱ्या भेटीत वही उघडली. मला वाटलं होतं मूड चहावर चालतो. नाही. ज्या दिवशी रात्री एकदाच उठावं लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सहा-सात, दोन-तीनदा उठले त्या दिवशी तीन. एवढं सरळ! सात रकाने भरल्याशिवाय दिसलं नव्हतं. बाई म्हणाल्या, मग मी तुम्हाला ध्यान कशाला शिकवू? पुढच्या वेळी मिस्टरांना घेऊन या.

हे आले. हातात पेपर, चेहऱ्यावर हजार रुपये. बाईंनी त्यांना एकच विचारलं, "रात्री दोनला आईंना कोण उठवतं?" "ही उठते. मला जाग येत नाही हो, झोप गाढ आहे." "लाइट जाऊन पंखा बंद पडला तर येते?" हे हसले. मग हसायचे थांबले. घरी येईपर्यंत रिक्षात काही बोलले नाहीत.

आता बुधवार आणि शनिवार रात्री ह्यांची पाळी. डोंबिवलीचे दीर एक आड एक रविवारी दुपारी येऊन बसतात, तेवढ्यात मी बाहेर, पिशवी न घेता. पहिल्या रविवारी कुठे जावं सुचेना, तलावपाळीला दोन चकरा मारून शेंगदाणे खाल्ले आणि परत आले. सासूबाईंच्या फिजिओला विचारून एअर मॅट्रेस आणली. कूस बदलावीच लागते, पण त्यांची पाठ आता लाल होत नाही.

आता न आवडलेलं. तिसऱ्या भेटीनंतर काउंटरवरच्या मुलीने दहा भेटींचं पॅकेज आणि कसल्याशा थेंबांची बाटली पुढे केली, 'मॅडमनीच सांगितलंय'. मी आत जाऊन मॅडमना विचारलं. त्या जरा गोंधळल्या, म्हणाल्या, थेंब केंद्राचे आहेत, तुम्हाला गरज नाही. मग काउंटरवर का ठेवलेत? ह्याचं उत्तर मिळालं नाही. बाई चांगल्या आहेत असं अजूनही वाटतं. पण त्या थेंबांनी जरा खडा लागल्यासारखं झालं.

---

पाणंद (सोमवार, रात्री १०.२०)

थेंब घेऊ नका. बाई कितीही चांगल्या असल्या तरी. भाऊ बरा आहे, कातरवेळ, विचारल्याबद्दल आभार. परत लिथियमवर, परत कामावर. व्यायाम मात्र त्याच माणसाने लावलेला, तो सोडला नाही.

---

शेवंती (सोमवार, रात्री १०.३१)

सल्ला देणारा आणि माल विकणारा एकाच छपराखाली असला की मी पर्स बंद करते. पण बाईंनी खरं उत्तर दिलं, हेही धर. दहाचं पॅकेज कशाला, महिन्यातून एकदा जा आणि वही लिहीत राहा.

---

खवचट_काका (बुधवार, रात्री ९.५०)

केळफूल, तुमच्या मिस्टरांना माझा नमस्कार सांगा, आणि हजार रुपये वसूल झाले हेही सांगा. गृहस्थ शनिवारी कट्ट्यावर गेले होते. कोथिंबीर वडी बरी होती. डॉक्टरांची वेळ उद्या सकाळची आहे.

बी१२ चं पुढे काय?

---

केळफूल (बुधवार, रात्री १०.१२)

चार इंजेक्शनं झाली, अजून आहेत, मग तीन महिन्यांनी तपासणी. काका, गृहस्थांनी डॉक्टरांना डब्याचंही सांगावं, नुसतं झोपेचं नाही.

आज बुधवार. हे आत्ताच आईंच्या खोलीत गादी टाकून आडवे झालेत, मोबाइलवर दोनचा गजर लावलाय आणि मला दाखवलाय. मी दार लोटून घेतलंय. बाकीच्यांना उद्या लिहिते.